एच-१बीच्या बातमीला आकडा कोण पुरवतं?

प्रश्न नाशिकच्या एका निवृत्त शिक्षकांचा आहे. मुलगा डॅलसला एच-१बीवर, म्हणजे अमेरिकन कंपन्या कुशल परदेशी कामगारांसाठी काढतात त्या तात्पुरत्या व्हिसावर. घरच्या ग्रुपवर एकाच आठवड्यात दोन लिंका आल्या. एकीत म्हटलंय की एच-१बीची बहुतेक पदं स्थानिक सरासरीपेक्षा कमी पगारावर भरली जातात. दुसरीत म्हटलंय की शंभर परदेशी तंत्रज्ञांमागे अमेरिकनांना २६२ नोकऱ्या मिळतात. दोन्हींत ‘अभ्यासात आढळलं’. त्यांनी विचारलंय: ‘हे पत्रकार लॉबीवाल्यांचे पैसे खातात का? अमेरिकेतल्या लोकांचं आपल्याबद्दलचं मत हीच मंडळी बनवतात का? आणि आपल्या मराठी पेपरांत तरी खरं काय ते कळतं का?’

सर, तुमचे प्रश्न तीन असले तरी अडलंय एकाच ठिकाणी: दोन्ही बातम्या छापील खोट्या नसतील तर त्या इतक्या उलट कशा? मी चोवीस वर्षं बातम्यांच्या डेस्कवर काढली, त्यातली पाच वॉशिंग्टनला एका वृत्तसंस्थेसाठी. तेवढ्या जोरावर सांगतो. पण हे उत्तर पेपरागणिक, काळागणिक आणि व्हिसागणिक बदलतं, हे आधीच मान्य करतो. मेक्सिकोच्या सीमेची बातमी आणि एच-१बीची बातमी या दोन वेगळ्या दुनिया आहेत. पैसा लावणारे वेगळे, भांडणारे वेगळे. मी मुख्यतः एच-१बीबद्दलच बोलेन, कारण तुमचा जीव तिथे अडकलाय.

पाकिटाचा विषय आधी संपवू. पाच वर्षांत मला वॉशिंग्टनमध्ये कुणी पाकीट देऊ केलं नाही. कॉफी पाजली, चर्चासत्राला बोलावलं, तिथे सँडविच चांगलं होतं. लॉबिंगचा पैसा तिथे बऱ्यापैकी उघड्यावर असतो. १९९५ चा कायदा आणि त्यातली २००७ ची दुरुस्ती यांनुसार लॉबिंग करणाऱ्यांना वर्षातून चार वेळा हिशेब द्यावा लागतो: कुणासाठी काम केलं, कुठल्या विधेयकावर, किती पैसे घेतले. तिमाही संपली की वीस दिवसांत कागद जमा. कुणीही घरबसल्या ते उघडून बघू शकतो. मोठ्या अमेरिकन टेक कंपन्या त्यात सापडतात, तशी आपल्या आयटी कंपन्यांची संघटना नॅसकॉमही सापडते.

गंमत त्या कागदात जे येत नाही त्याची आहे. एखाद्या ग्राहकासाठीच्या आपल्या वेळातला वीस टक्क्यांपेक्षा कमी वेळ लॉबिंगला देणाऱ्याला त्या ग्राहकासाठी लॉबिस्ट म्हणून नोंदणीच करावी लागत नाही. खासदाराला भेटणं हे लॉबिंग. पण अभ्यास करवून घेणं, त्यावर संपादकीय पानासाठी लेख लिहून देणं, जाहिरात करून लोकांना ‘तुमच्या खासदाराला फोन करा’ म्हणणं, हे त्या व्याख्येत बसत नाही. आणि पत्रकाराच्या टेबलावर येतं ते नेमकं हेच.

ते येतं कसं ते सांगतो. मंगळवारी दुपारी मेल येते: ‘गुरुवारी सकाळी सहापर्यंत प्रसिद्ध करू नये’. सोबत चाळीस पानांचा अहवाल, दोन पानांचा सारांश, एक तयार आलेख, बोलायला तयार असलेल्या अर्थतज्ज्ञाचा मोबाइल नंबर, आणि कधीकधी ज्याची नोकरी गेली किंवा ज्याने कंपनी काढली अशा एका माणसाचं नाव. म्हणजे इंट्रो, आकडा, कोट आणि मानवी बाजू, चारही हातात. डेस्कवर माणसं कमी, बातम्या पंधरा. चाळीस पानं कोण वाचतो? सारांश वाचतो, तज्ज्ञाला फोन लावतो, दुसऱ्या बाजूच्या नेहमीच्या माणसाचं एक वाक्य घेतो आणि कॉपी सोडतो. यात कुणी विकला गेलेला नसतो. सगळ्यांनी आपापलं काम केलेलं असतं.

तुमच्या दुसऱ्या लिंकमधला २६२ चा आकडा बघून मला लाजल्यासारखं झालं, कारण तो मथळा मीही लावलाय. अहवाल डिसेंबर २०११ चा. अर्थतज्ज्ञ मॅडलिन झावोडनी यांचा, अमेरिकन एंटरप्राइज इन्स्टिट्यूट आणि पार्टनरशिप फॉर अ न्यू अमेरिकन इकॉनॉमी या दोन संस्थांनी मिळून काढलेला. यातली दुसरी संस्था न्यूयॉर्कचे तेव्हाचे महापौर मायकेल ब्लूमबर्ग यांनी बड्या उद्योगपतींना सोबत घेऊन २०१० मध्ये सुरू केली होती, स्थलांतराचे कायदे सैल व्हावेत म्हणून. मी लिहिलं: ‘शंभर परदेशी आणतात २६२ नोकऱ्या’. किती सुटसुटीत! अहवालात होतं ते असं: अमेरिकन विद्यापीठातून उच्च पदवी घेतलेले, विज्ञान-तंत्रज्ञानात काम करणारे शंभर परदेशात जन्मलेले कामगार ज्या राज्यांत वाढले, त्या राज्यांत स्थानिकांच्या २६२ जादा नोकऱ्या ‘सोबत आढळल्या’. तेही २००० ते २००७ या वर्षांत, म्हणजे मंदीच्या आधी. सगळे एच-१बीवाले त्यात नाहीत, आणि सोबत आढळणं म्हणजे निर्माण करणं नव्हे. पावसाळ्यात छत्र्याही वाढतात आणि बेडूकही. बाई सावधपणे लिहितात, सारांश लिहिणारा थोडा धीट होतो, आणि डेस्कवरचा मी तर मोकाटच. लॉबीला मला विकत घ्यायची गरज पडली नाही. मी फुकट उपलब्ध होतो.

आता तुमची पहिली लिंक. ती इकॉनॉमिक पॉलिसी इन्स्टिट्यूटच्या मे २०२० च्या अहवालावर बेतलेली आहे. या संस्थेला निधीचा काही भाग कामगार संघटनांकडून येतो, ते ती लपवत नाही. एच-१बीसाठी अर्ज करताना कंपनी पदाची पातळी एक ते चार अशी लावते. पहिल्या दोन पातळ्यांचा पगार त्या भागातल्या त्या कामाच्या मध्यम पगाराच्या (निम्म्या लोकांना ज्याहून कमी मिळतो त्या आकड्याच्या) खाली असतो. पातळी एक म्हणजे सगळे पगार चढत्या क्रमाने लावले तर शंभरात सतरावा, पातळी दोन म्हणजे चौतिसावा. अहवाल म्हणतो की २०१९ मध्ये मंजूर अर्जांतली साठ टक्के पदं या दोन पातळ्यांवर होती. आकडा सरकारी नोंदींतलाच. पण ही अर्जावरची पदं आहेत, सगळी भरली जात नाहीत, आणि अर्जावर दाखवलेला पगार हा किमान असतो. शिवाय नवी पोरं कुठेही खालच्या पातळीवरच सुरुवात करतात. उलट बाजूने हेही खरं की नवखे नसलेल्यांना नवख्यांच्या पातळीवर दाखवल्याच्या तक्रारी वर्षानुवर्षं आहेत.

म्हणजे एक अहवाल विचारतो ‘कुठल्या पगारावर?’ आणि दुसरा विचारतो ‘एकूण नोकऱ्या किती?’ दोन्हींची उत्तरं एकाच वेळी बरोबर असू शकतात. एखादी कंपनी माणसं स्वस्तात आणू शकते आणि तिच्या वाढीमुळे त्या राज्यात नोकऱ्याही वाढू शकतात. माझ्या मते लॉबीची खरी करामत इथे आहे. उत्तर ती क्वचितच फिरवते. कुठला प्रश्न विचारला जावा, हे ती ठरवते, आणि पत्रकाराला वाटतं की प्रश्न आपल्यालाच सुचला.

प्रश्न बदलला की तोच आकडा उलट बाजूला कसा जातो, त्याचा ताजा नमुना बघा. सप्टेंबर २०२५ मध्ये ट्रम्प यांनी नव्या एच-१बी अर्जांवर एक लाख डॉलरचं शुल्क लावलं. त्या जाहीरनाम्यात कारण दिलंय: २००० ते २०१९ या काळात परदेशी तंत्रज्ञ १२ लाखांवरून जवळजवळ २५ लाखांवर गेले, म्हणजे दुपटीहून जास्त, आणि त्या क्षेत्रातला एकूण रोजगार मात्र ४४.५ टक्केच वाढला. वाचताना मला आकडे ओळखीचे वाटले. शोधल्यावर ते अमेरिकन इमिग्रेशन कौन्सिलच्या २०२२ च्या एका पत्रकात मिळाले. ही संस्था स्थलांतरितांच्या बाजूने लढते, आणि मघाची ब्लूमबर्ग यांची संस्था त्याच वर्षी तिच्यात विलीन झाली. तिने हे आकडे दिले होते ते परदेशातून आलेल्यांनी किती मोठा भार उचललाय हे सांगायला. व्हाइट हाउसने वापरले ते त्यांनी किती जागा बळकावल्या हे सांगायला. आणि मुळात आकडा ‘परदेशात जन्मलेल्यांचा’ आहे. त्यात नागरिक झालेले आले, ग्रीन कार्डवाले आले, लहानपणी आईच्या कडेवर आलेलेही आले. जाहीरनाम्यात ते सगळे नुसते ‘परदेशी’ झाले. मी पाहिलेल्या बहुतेक बातम्यांत तो आकडा तसाच पुढे गेला.

शब्दांचंही असंच. २००५ मध्ये रिपब्लिकन पक्षाचे सल्लागार फ्रँक लुंट्झ यांनी स्थलांतरावर काय बोलावं याची एक टिपणी तयार केली होती. कुठला शब्द कानाला कसा लागतो, यावर या माणसाने आयुष्य काढलंय. कागदपत्रं नसलेल्यांना कायदेशीर करण्याच्या योजनेला ‘अ‍ॅम्नेस्टी’ म्हणायचं की ‘नागरिकत्वाचा मार्ग’, यावर अर्धी लढाई होते. बातमीत पहिला शब्द आला की वाचकाच्या मनात गुन्हा आणि माफी येते, दुसरा आला की रांग आणि अर्ज. असोसिएटेड प्रेस या वृत्तसंस्थेने एप्रिल २०१३ मध्ये माणसाला ‘बेकायदा स्थलांतरित’ म्हणणं थांबवलं. कृत्य बेकायदा असू शकतं, माणूस नाही, असा तो नियम. दोन्ही बाजूंनी त्यासाठी आणि त्याविरुद्ध वर्षानुवर्षं जोर लावला होता. आपल्याला हे नवीन नाही. ‘परप्रांतीय’ आणि ‘भूमिपुत्र’ हे दोन शब्द मथळ्यात आले की पुढची बातमी न वाचताही कळते.

‘मालक सांगतो तसं छापतात’ असं लोक छातीठोकपणे म्हणतात. कधीकधी खरं असतं. पण स्थलांतरावर हा नियम पार फसतो. रूपर्ट मरडॉक ब्लूमबर्ग यांच्या त्या संस्थेचे सहअध्यक्ष होते. जून २०१४ मध्ये त्यांनी स्वतःच्याच वॉल स्ट्रीट जर्नलमध्ये लेख लिहून स्थलांतर सुधारणा लवकर करा म्हणून आग्रह धरला. त्याच वेळी त्यांच्याच फॉक्स न्यूजवर संध्याकाळचे निवेदक त्या सुधारणेवर तुटून पडत होते. मालकाची लॉबी एकीकडे, चॅनेलचा प्रेक्षक दुसरीकडे. जिंकला प्रेक्षक, कारण जाहिरातीचा पैसा त्याच्यामुळे येतो.

आता जनमत. तुम्हाला वाटतंय की लॉबी लोकांचं मत बनवते. गॅलप ही संस्था १९६५ पासून अमेरिकनांना विचारतेय: स्थलांतर वाढवावं, कमी करावं की आहे तसं ठेवावं? २०२० मध्ये प्रथमच ‘वाढवा’ म्हणणारे ‘कमी करा’ म्हणणाऱ्यांपेक्षा जास्त निघाले, ३४ विरुद्ध २८ टक्के. २०२४ मध्ये ‘कमी करा’ ५५ टक्क्यांवर गेलं. वर्षभरात ते ३० वर उतरलं. या पाच वर्षांत दोन्ही बाजूंच्या संस्था बहुतेक त्याच. बदललं ते टीव्हीवर दिसणारं सीमेचं चित्र आणि व्हाइट हाउसमधला माणूस. लोक सत्तेवर असलेल्याच्या उलट सरकतात, हे मी तिथे अनेक विषयांवर पाहिलं. बहुसंख्यांचं मत फिरवणं लॉबीला फारसं जमत नाही.

तिला जमतं ते थोड्यांचं मत मोठ्याने ऐकवणं. २००७ मध्ये राष्ट्राध्यक्ष बुश यांच्या पाठिंब्याचं मोठं स्थलांतर विधेयक सिनेटमध्ये होतं. पाहण्यांत बहुसंख्य लोक कागदपत्रं नसलेल्यांना अटी घालून राहू द्यायला तयार होते. स्थलांतर कमी करा म्हणणाऱ्या नंबर्सयूएसए नावाच्या संस्थेने मात्र आपल्या सभासदांकडून फॅक्स आणि फोनचा पाऊस पाडला. २८ जूनला, मतदानाच्या दिवशी, सिनेटचं टेलिफोन एक्स्चेंज कोलमडलं. विधेयक पुढे न्यायला ६० मतं हवी होती, पडली ४६. ही संस्था उभी करणारे रॉय बेक पूर्वी पत्रकार होते, त्यामुळे बातमी कशी हलते ते त्यांना पक्कं ठाऊक. ही संस्था, १९७९ ची फेअर आणि १९८५ चं सेंटर फॉर इमिग्रेशन स्टडीज, तिघींच्या उभारणीत मिशिगनमधल्या एका छोट्या गावातले डोळ्यांचे डॉक्टर जॉन टँटन यांचा हात होता. त्यांना मोठा पैसा मिळाला तो मेलन घराण्याच्या वारस कॉर्डेलिया स्केफ मे यांच्याकडून. काम मात्र वाटून घेतलेलं: एक अहवाल काढते, एक खासदारांना भेटते, एक फोन करायला लावते. पत्रकाराला तीन स्वतंत्र संस्था दिसतात. मीही सुरुवातीला एकाच बातमीत यांतल्या दोघींचे कोट घेऊन ‘अनेक संस्थांचं म्हणणं’ असं लिहिलंय.

दुसरी बाजू काही धुतल्या तांदळाची नाही. एप्रिल २०१३ मध्ये मार्क झुकरबर्ग यांनी फॉरवर्ड डॉट यूएस ही संस्था काढली. तिच्या उपसंस्थांनी स्थलांतराला अनुकूल सिनेटरांना मतदारसंघात सांभाळण्यासाठी जाहिराती केल्या, आणि त्यांचा विषय काय? एकीत कीस्टोन तेलवाहिनीची तरफदारी, दुसरीत अलास्कातल्या अभयारण्यात तेल काढण्याची. पर्यावरणवाले भडकले, इलॉन मस्क मे महिन्यात संस्थेतून बाहेर पडले. अलास्कासारख्या राज्यात बसलेल्या प्रेक्षकाला त्या जाहिरातीचा एच-१बीशी संबंध आहे हे कळायला काही मार्ग होता का? त्यामुळे स्थलांतराच्या लॉबीचा माग काढताना स्थलांतराच्याच बातम्या बघत बसलो तर अर्धं सुटतं. त्या वर्षीचं विधेयक सिनेटमध्ये ६८ विरुद्ध ३२ ने मंजूर झालं, एच-१बीची मर्यादा १,१५,००० आणि पुढे १,८०,००० पर्यंत नेणार होतं. प्रतिनिधीगृहाने ते मतदानालाच घेतलं नाही. आज मर्यादा २००४ सालचीच आहे: ६५,००० आणि अमेरिकेतली उच्च पदवी असलेल्यांसाठी जादा २०,०००.

इथवरचं थोडक्यात: पैसा अहवाल, शब्द आणि फोन यांवर खर्च होतो, पत्रकाराच्या खिशापर्यंत तो क्वचित जातो, आणि लोकांच्या मतापेक्षा प्रश्नाच्या मांडणीवर त्याचा जास्त परिणाम होतो. आता तुमचा तिसरा प्रश्न, जो मला सगळ्यात जास्त टोचतो.

मराठी पेपरांत एच-१बीची बातमी बहुधा वृत्तसंस्थेवरून येते. ‘भारतीयांना फटका’ हा मथळा आमच्या डेस्कवर इतक्या वेळा लागला की ऑपरेटर तो विचारायच्या आधीच टाइप करायचा. खाली कोट कुणाचा? नॅसकॉमचा, नाहीतर एखाद्या मोठ्या आयटी कंपनीचा. वाचकाला वाटतं, हे आपल्या मुलाच्या बाजूने बोलतायत. मंजूर होणाऱ्या एच-१बी अर्जांत सत्तर टक्क्यांहून जास्त भारतीय असतात, म्हणून कंपनीचं हित तेच मुलाचं हित असं आपण धरून चालतो. कंपनीला व्हिसे जास्त हवेत. तुमच्या मुलाला नोकरी सहज बदलता यायला हवी आणि ग्रीन कार्डची रांग हलायला हवी. एका देशाला वर्षाच्या रोजगारावर आधारित ग्रीन कार्डांपैकी सात टक्क्यांपेक्षा जास्त नाहीत, ही अट आहे तोवर भारतीयांची रांग हलत नाही, आणि रांगेतला माणूस मालकाशी भांडत नाही. ही अट काढण्यासाठी रांगेतल्याच भारतीयांनी सुट्या टाकून, वर्गणी काढून खासदारांची दारं ठोठावली. तेही लॉबिंगच, आणि त्यात काही वाईट नाही. जुलै २०१९ मध्ये प्रतिनिधीगृहात त्यांचं विधेयक ३६५ विरुद्ध ६५ मतांनी मंजूर झालं. डिसेंबर २०२० मध्ये सिनेटनेही वेगळ्या स्वरूपात ते एकमताने मंजूर केलं. दोन मसुदे जुळले नाहीत आणि मुदत संपली. आमच्याकडे त्या ३६५ मतांची बातमी आतल्या पानावर सिंगल कॉलम लागली. तिच्यासोबत तयार आलेख पाठवणारं कुणी नव्हतं.

शब्दांच्या बाबतीतही आम्ही मागे नाही. ५ फेब्रुवारी २०२५ ला अमेरिकेचं लष्करी विमान १०४ भारतीयांना घेऊन अमृतसरला उतरलं, त्यात महाराष्ट्रातलेही तिघे होते. त्यांच्यासाठी डेस्कवर ‘बेकायदा स्थलांतरित’ असा शब्द ठरला. शेजारच्याच कॉलममध्ये मुंबईत पकडलेल्या बांगलादेशींची बातमी होती. तिथे ‘घुसखोर’. कुणीही फोन करून तसं लिहायला सांगितलं नव्हतं.

तुमच्या मुलाला त्या दोन लिंका खऱ्या की खोट्या हे सांगत बसू नका. पुढची लिंक आली की तिच्यातला आकडा कुठल्या वर्षांचा, कुठल्या लोकांचा आणि कशाच्या तुलनेत, एवढं मला पाठवा. मी शोधून देतो. तिमाही संपून वीस दिवस झाल्यावर पाठवलंत तर त्या तिमाहीचे लॉबिंगचे कागदही आलेले असतील.